सिपाई म्हणाला, खा

माझा नवरा खोटं बोलून पोट भरतो. नाक मुरडू नका, चोरून नाही बोलत. चारचौघांत, दिवसाढवळ्या, छातीवर पदकं लावून बोलतो. त्याचा बाप हेच करायचा, बापाचा बापही हेच. आमच्या तेलंगणात अशा माणसाला तुपाकी रामुडू म्हणतात. तुपाकी म्हणजे बंदूक. अंगात खाकी कोट, डोक्यावर साहेबी टोपी, ओठावर बकऱ्याच्या केसांची मिशी, खांद्यावर लाकडी बंदूक आणि पदकं म्हणून सोड्याच्या बाटल्यांची बुचं. बाजाराच्या दिवशी हा सिपाई चावडीपुढे येतो, टाच आपटून स्वतःलाच सलाम ठोकतो आणि थापा मारायला लागतो. माझ्या वाड्याचं एक दार इथं, दुसरं मद्रासला. मधे सासू राहते, तिचा आवाज अजून अर्ध्या वाटेत आहे. असलं काहीतरी. माणसं पोट धरून हसतात आणि सुपात जोंधळे घालतात.

त्याचं खरं नाव ओदेलू. गावात ते नाव फक्त रेशनच्या दुकानदाराला माहीत. बाकी सगळे रामुडू म्हणतात, मी सिपाई म्हणते. मी कोमुरव्वा, त्याची बायको, आणि जन्मभर त्या कोटाला ठिगळं लावत आले, तेव्हा त्याच्याबद्दल बोलायचा हक्क माझाच.

गंमत सांगू? घरात या माणसाला खोटं म्हणून बोलता येत नाही. मला बघायला आला तेव्हा माझ्या बापानं विचारलं, शेती किती? म्हणाला, नाही. घर? म्हणाला, गळतं. आई आत येऊन मला म्हणाली, "हा कसला गं रामुडू, याला धड एक थाप मारता येत नाही." तरी दिली मला. लग्नानंतर माझ्या बहिणीकडे जेवायला गेलो तर तिनं विचारलं, भाऊजी, वांगी कशी झालीत? याचं तोंड असं झालं की ती बिचारी महिनाभर माझ्याशी बोलली नाही. खोटं बोलायला त्याला मिशी लागते. मिशी काढली की पालीला घाबरणारा, पावसाआधी गुडघे धरून बसणारा साधा म्हातारा.

मग घराघरांत टीव्ही आले आणि आमच्या सुपातले जोंधळे गेले. कोट पेटीत गेला. मी डोक्यावर भाजीची पाटी घेतली, अंबाडी, चुका, काय मिळेल ते. सिपाई बसून बिड्या ओढायचा आणि कोटाला ऊन दाखवायचा. मला वाटलं, संपलं हे खानदान.

तेवढ्यात ही स्रवंती मॅडम आली. शहरातल्या कुठल्याशा संस्थेची, पोरगीच म्हणायची, स्कूटरवरून आलेली. झाडं लावा, प्लॅस्टिक जाळू नका, पाणी जपा, असलं गावोगाव सांगायचं तिचं काम. चावडीत पडदा लावून चित्रं दाखवायची. पहिल्या दिवशी पन्नास माणसं आली, दुसऱ्या दिवशी कुत्री आली. पोरगी रडकुंडीला आलेली. कुणीतरी तिला आमच्या दारात आणून सोडलं.

"ताता," ती सिपायाला म्हणाली. आमच्याकडे आजोबाला ताता म्हणतात, सिपाई तेवढ्यावरच विरघळला. "ताता, लोक माझं ऐकतच नाहीत हो."

"कसं ऐकतील?" हा म्हणाला. "तू खरं सांगतेस. खरं त्यांना माहीतच आहे. घरी बायको सांगते, आई सांगते. खरं ऐकायला कोण घरातून उठून येईल?"

पेटीतून कोट निघाला. मी बुचं चिंचेनं घासून दिली. पुढच्या बाजाराला सिपाई चावडीपुढे उभा राहिला, टाच आपटली आणि सुरू झाला.

"सगळी झाडं तोडून टाकली मी! कचरा नुसता! सावलीचं काय म्हणता? सावलीचा ठेका विजेच्या खांबाला दिलाय. दुपारी आमचं अख्खं गाव खांबाच्या सावलीत एका ओळीत उभं राहतं. सावली सरकली की गाव सरकतं. परवा सरपंचाचं पोट उन्हात राहिलं, भाजून निघालं!"

सरपंचाचं पोट कुणाला माहीत नाही? लोक लोळले. मग गाय.

"माझ्या गाईला मी कडबा घालतच नाही. रोज ताज्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. म्हणून तर दूध थेट पाकिटातून देते. वर तारीखसुद्धा छापून येते! शिळं दूध दिलं तर मी परत करतो, म्हणतो घे माघारी."

आणि बघा, गाव बदललं. एकदम नाही, पण बदललं. उकिरड्यावर कुणी पिशवी फेकली की दुसरा म्हणायचा, काय रे, पाकिटातलं दूध पाहिजे का? पोरं शेताच्या बांधावर रोपं लावायला लागली, खांबाखाली उभं राहायची पाळी नको म्हणून. मॅडमनं सिपायाला गावोगाव फिरवलं. तिला ते गणित पक्कं समजलं होतं. सिपाई ज्याची तारीफ करतो ते वाईट, ज्याला शिव्या घालतो ते चांगलं. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही हे सांगावं लागत नाही, ते दुधाबरोबरच पोटात जातं.

आता तळ्याचं सांगते. त्यासाठीच बसले आहे.

आमच्या गावाचं तळं मोठं. सणाला फुलं त्यातच सोडायची, म्हशी त्यातच, मासे त्यातच. वरच्या अंगाला एक कारखाना झाला. काय करतात देव जाणे, पत्र्याची भिंत आणि वास. कधी ओढ्याला हिरवं पाणी यायचं, कधी तांबडं. पावसाळ्यात वाहून जायचं म्हणून कुणी बोललं नाही. त्या वर्षी उन्हाळा कडक पडला, तळं आटून मधे डबकं उरलं आणि त्यावर तवंग. काठावर बगळे मरून पडले. मॅडमनं पाणी नेलं, मासा नेला, तपासून आणलं. तोंड पांढरंफटक पडलेलं पोरीचं.

"ताता, या वर्षी तळ्यातला एकही मासा कुणाच्या पोटात जाता कामा नये. माणूस मरेल. खरंच मरेल."

आणि आठवड्यावर मिरुग, मृगाचा पहिला दिवस, आलेला. आमच्याकडे मिरुग लागला की मासा खायचाच. खाल्ला नाही तर वर्षभर दमा धरतो म्हणतात. जे खात नाहीत ते गुळात हिंग घालून गोळी घेतात, पण ते आपले नाइलाजाचे. गरिबातला गरीब त्या दिवशी मासा आणतो. आणि तळं आटलेलं म्हणजे मासा हातानं उचलावा इतका सोपा.

पंचायतीनं दवंडी दिली. मासे खाऊ नका होऽऽ. लोक म्हणाले, दरवर्षी काहीतरी असतंच यांचं. कोळ्यांचा पुढारी राजम तर भडकलाच. माशांचं बी टाकलं, राखण केली, आणि आता खाऊ नका? "मी काल खाल्ला," म्हणाला, "मेलो का?"

मग मॅडम कागद घेऊन आमच्याकडे आली. त्यावर सरळ लिहिलेलं, तळ्यातले मासे विषारी आहेत, खाऊ नका. म्हणाली, ताता, या वेळी एवढंच बोला. या वेळी जोखीम नको.

सिपायानं कागद बाजूला ठेवला. "पोरी, या टोपीखालून सरळ बोललं की उलटं ऐकू येतं. मी 'खाऊ नका' म्हटलं तर लोक म्हणतील, रामुडू म्हणतो म्हणजे खाल्लंच पाहिजे. मला 'खा' म्हणू दे. तू बघ, एक माणूस खाणार नाही."

पोरगी विचारात पडली. मग म्हणाली, बरोबर आहे. आणि होतंच बरोबर. मी आजही म्हणते, बरोबर होतं.

त्या बाजाराला जेवढी गर्दी झाली तेवढी जत्रेला नसते. मॅडमच्या संस्थेची जीप उभी, तिला भोंगा, मागे माशाच्या चित्राचा मोठा फलक. सिपाई जीपच्या टपावर चढला. कोट मी धुऊन खळ घातली होती. असा दिसत होता की क्षणभर मलाही वाटलं, साहेबच आला कुणीतरी.

"चापलु तिनुंड्री!" तो गरजला. मासे खा! "मिरुग आलाय, माझा हुकूम आहे, तळ्यातलेच मासे खा! तेल लागत नाही, तेल आतच आहे. रंग लागत नाही, कारखान्यानं रंगवून दिलाय. दिवा लागत नाही, पोटात उजेड पडतो. एक खाल्ला की पुन्हा जन्मात भूक लागत नाही! मी खाल्ला, माझ्या आजोबानं खाल्ला. आजोबांना तर ताबडतोब बढती मिळाली, थेट वरच्या साहेबाच्या कचेरीत! कालपासून तिथंच आहेत, रजा मिळत नाही!"

हसून हसून बायकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. राजम सोडून सगळे हसत होते. मी गर्दीच्या कडेला पाटी घेऊन उभी होते, मान फिरवली तर चिंचेखाली भट्टीवाली मंडळी.

कालव्यापलीकडे वीटभट्टी आहे. सुगी झाली की ओरिसातून माणसं येतात, बायकापोरांसकट, आणि पावसाच्या तोंडाशी परत जातात. विटा पाडायच्या, तिथल्याच विटांच्या खोपटात झोपायचं. मी त्यांना भाजी घालायची. त्यांना आमची भाषा येते ती मुकादमाकडून शिकलेली, ये, जा, पाणी, माती, लवकर, खा. तेवढीच लागते त्यांना. त्यांच्यातली सुकांती माझी मैत्रीण. मैत्रीण म्हणजे काय, तिचं मला कळायचं नाही, माझं तिला. पण माझी पाटी उतरवायला ती हातचं टाकून धावायची. मला माउसी म्हणायची, म्हणजे मावशीच की. अंबाडी तिला आवडायची नाही. नाक वर करून म्हणायची, "माछ, माउसी, माछ आण." मासा म्हणजे जीव तिचा. गावाकडे तिच्या दारात नदी, आणि इथं सहा-सात महिने पाण्यात भिजवलेला भात आणि मिरची.

त्या दिवशी सुकांती आणि तिचा नवरा दयानिधी चिंचेखाली उभे होते. हसत नव्हते. कान देऊन ऐकत होते, शाळेत बसल्यासारखे. मला वाटलं, बिचाऱ्यांना कळत नाही. खेळ संपला, सिपाई जीपवरून उतरला, तर दयानिधी पुढे झाला आणि त्यानं ताठ उभं राहून सलाम केला. खरा सलाम. सिपायानंही टाच आपटून परत सलाम ठोकला. गाव पुन्हा खदखदलं.

घरी आल्यावर मिशी सोडवताना हा म्हणतो कसा, "कोमुरी, चाळीस वर्षं हा कोट घालतोय. खरा सलाम आज पहिल्यांदा मिळाला बघ."

"मग आता पगार पण मागा," मी म्हटलं.

मिरुग लागला. आणि सिपायाचं खरं ठरलं. गावात एका चुलीवर तळ्याचा मासा चढला नाही. राजम टोपल्या भरून चावडीवर बसला, तर येणारा जाणारा विचारायचा, "राजमन्ना, उजेडाचा मासा आहे का? आमची लाइट गेलीय." पोरं विचारायची, बढतीचा आहे का, नुसता पगारवाढीचा? राजमचं तोंड काळंठिक्कर. शेवटी उठला, सिपायाकडे बघून थुंकला आणि टोपल्या सायकलला बांधून गेला. अख्ख्या गावानं गूळ-हिंगाच्या गोळ्या खाल्ल्या. सरपंचानं सिपायाच्या गळ्यात हार घातला. सिपाई घरी येऊन हारासकट झोपला.

दुपारी मी पाण्याला गेले. नळावर राजमची बायको. तिला मी म्हटलं, "राग धरू नकोस गं, तुमचं नुकसान झालं खरं."

"कसलं नुकसान?" ती म्हणाली. "भट्टीवाल्यांनी सगळे घेतले की. भाव पाडून दिले, पण गेले. उलट ते म्हणाले, साहेबांचा हुकूमच आहे खायचा. बंदूकवाले साहेब जीपमधून येऊन सांगून गेले."

माझ्या हातून कळशी सुटली. तिच्या पायावर पडली, ती शिव्या घालत राहिली, मी पळत सुटले. सिपायाला लाथ मारून उठवलं. हो, लाथच मारली. कळल्यावर तो होता तसा धावला, बनियन आणि धोतरावर, गळ्यात तो मेला हार.

भट्टीवर गेलो तर सण चाललेला. दोन-तीन दिवसांत ते घरी जायचे होते, बोचकी बांधून ठेवलेली. तीन विटांच्या चुली, त्यांवर पातेली, मोहरीचा वास. काही ताटं वाढलेली, पोरांच्या बोटांना रस्सा. सुकांती मला बघून उठली, एवढी आनंदानं उठली, "माउसी! माछ! बस, खा!" म्हणून हात धरला माझा.

"खाऊ नका!" सिपाई ओरडला. "विष आहे! टाका ते!"

सगळे बघायला लागले. मुकादम गाडीची सोय करायला गेलेला, दोन्ही भाषा जाणणारं कुणी नाही. दयानिधी हसत हसत पुढे आला. म्हातारा कुणीतरी, उपाशी दिसतोय, असं त्याच्या तोंडावर सरळ लिहिलेलं. "बस बाबा, तुलाही देतो."

"अरे खाऊ नका! वद्दु! वद्दु!"

"साहेबानं सांगितलं खा," दयानिधी समजावणीनं म्हणाला. त्यानं खांद्यावर बंदूक धरल्यासारखं केलं, ओठावर दोन बोटं ठेवून मिशी दाखवली, हातानं जीपचं चाक फिरवलं. "मोठा साहेब. सिपाई. म्हणाला, खा."

"तो साहेब मीच आहे!"

हे मात्र त्यांना कळलं. आणि जो हशा फुटला! बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. बनियनला भोकं, गळ्यात सुकलेला हार, आणि म्हणे साहेब. सिपायानं छाती काढली, अनवाणी टाच मातीत आपटली, सलाम ठोकला, जीपवरचं भाषण म्हणायला लागला. तेच शब्द, तोच आवाज. त्यामुळे तर आणखी हसले. कुणीतरी त्याच्या खांद्यावर बंदूक म्हणून फुंकणी ठेवली. मी सुकांतीचे खांदे धरून हलवत होते, नको, नको, मरशील गं. ती हसून लालबुंद, मला वाटतं तिला वाटलं आम्ही दोघं त्यांच्यासाठी खेळच करायला आलोय, जाता जाता.

मग सिपायानं पातेल्याला लाथ मारली. रस्सा मातीत गेला आणि हसणं थांबलं. सुकांती सांडलेल्या माशांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. पुरुषांनी सिपायाला धरलं, दोन हाणल्या आणि कालव्यापर्यंत ढकलत आणून सोडलं. आपलं अन्न कुणी सांडलं तर कुणीही हाणील. आणि मागची पातेली अजून भरलेली.

सिपाई उठला. मला वाटलं आता बसेल हा. तो घराकडे पळायला लागला. "कोट," एवढंच म्हणाला. "कोट काढ."

या वयात तो माणूस कसा पळाला मला माहीत नाही. मी पेटी उपसली. कोट चढवला, बुचं लावली. मिशी राहीना. घामानं डिंक धरेना, लावली की लोंबायची. "राहू दे मिशी," मी म्हटलं. "मिशीशिवाय ओळखणार नाहीत गं!" म्हणत तो रडत होता. सकाळचा शिळा भात कालवून मी ती त्याच्या ओठावर थापली. घाईत निम्मा भात त्याच्या तोंडात गेला.

बंदूक घेऊन तो गावातून धावला. "भट्टीवर चला! गाडी काढा! माणसं विष खातायत!" ओट्यावर बसलेली माणसं उठून उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली. "वा रे रामुडू! मिरगालापण खेळ!" सरपंच दारातून ओरडला, "आज कुणाला बढती?" मी मागून रडत पळतेय, तर एक बाई म्हणते, हिलापण घेतली वाटतं खेळात. मी थांबून तिच्या झिंज्या धरल्या तेव्हा तिला खरं वाटलं. तिच्या पोरानं ट्रॅक्टर काढेपर्यंत आम्ही कालव्यापलीकडे पोचलो होतो.

कोट बघितल्याबरोबर भट्टीवरची सगळी माणसं उठून उभी राहिली. बायकांनी डोक्यावर पदर घेतले. पोरांना मागे ओढलं. तोच म्हातारा म्हणून कुणी ओळखलं नाही, घटकाभरापूर्वी हाणलेला.

"मासे खायचे नाहीत!" सिपाई म्हणाला. "हुकूम आहे. खायचे नाहीत."

दयानिधी पुढे आला आणि त्यानं तसाच ताठ सलाम केला.

"जी साहेब," तो म्हणाला. "संपले, साहेब."

पातेली पालथी घालून घासायला घेतलेली होती. सुकांती त्यांच्यापाशी बसलेली, हाताला राख. मला बघून तिनं तोंड फिरवलं. अजून रागावलेली होती माझ्यावर.

मग उलट्या सुरू झाल्या. आधी पोरांना. ट्रॅक्टर आला, मग आणखी एक आला, गाव आलं, सगळं आलं. मिठाचं पाणी पाजलं, दवाखान्यात नेलं. बरेच वाचले. ज्या पातेल्याला लाथ बसली त्या पातेल्यावरची माणसं तर उपाशीच होती, ती चालत ट्रॅक्टरवर चढली. सुकांतीचं पातेलं ते नव्हतं. घरी जायच्या बोचक्यावर डोकं ठेवून पडली, ती तालुक्याच्या दवाखान्याच्या दारापर्यंतच टिकली. माझा हात तिनं वाटेत धरला होता, एवढं आहे. राग गेला होता की दुखत होतं म्हणून धरला, मला कळायला मार्ग नाही, तिचं बोलणं मला येत नव्हतं.

मॅडम आली, रडली, कारखान्याच्या नावानं अर्ज केले. अजून चालू आहे म्हणतात. राजम महिनाभर घराबाहेर पडला नाही. त्यानंही त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला तेच मासे ठेवलेले, आता काय बोलायचं त्याला? कुणाला धरून बडवावं म्हटलं तर माणूस सापडत नाही. मी कोट जाळायला निघाले होते. सिपायानं तो माझ्या हातून काढून घेतला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात दयानिधी बसलेला. त्याला थोडं बरं वाटत होतं. मोडक्यातोडक्या बोलीत त्यानं मला विचारलं, "माउसी, तो साहेब नाही?"

"नाही रे. माझा नवरा आहे तो."

"बंदूक?"

"लाकडाची."

 मग म्हणाला, "मग खा का म्हणाला?"

मी सांगायला गेले. अरे बाबा, तो उलटं बोलतो, लोक हसतात, हसले की त्यांना कळतं. हातवारे करून सांगितलं, गाईचं सांगितलं, खांबाचं सांगितलं. तो नीट ऐकत होता, त्या चिंचेखाली ऐकत होता तसाच. आणि परत परत एकच विचारत होता, त्यात हसायचं काय? मला सांगता आलं नाही हो. जन्म गेला माझा त्या हसण्यावर, आणि मला एक अक्षर सांगता आलं नाही.

सिपाई खांबाआड उभा राहून ऐकत होता. तो पुढे आला, दयानिधीसमोर खाली बसला. मला वाटलं पाय धरणार. त्यानं विचारलं, "मी खोटं बोलतोय, हे तुमच्यात कसं म्हणतात?"

दयानिधीला कळायला वेळ लागला. मग त्यानं सांगितलं. सिपाई चुकला, दयानिधीनं दुरुस्त केलं. पुन्हा चुकला, पुन्हा दुरुस्त केलं. बायकोची माती आदल्या दिवशी झालेला माणूस माझ्या नवऱ्याला एक वाक्य शिकवत बसला. दोन दिवसांनी तो गाडीत बसून गावाला गेला, दोन बोचकी घेऊन, एक तिचं.

सिपाई अजून खेळ करतो. मॅडमच बोलावते, लोक बोलावतात. पोटाला लागतंच, आणि दुसरं त्याला काय येतं? पण आता टपावर चढला की टाच आपटायच्या आधी तो टोपी काढतो, मिशी सोडवून हातात धरतो आणि ते वाक्य म्हणतो. "मुँ मिछ कहुछि. मुँ मिछ कहुछि." गर्दीच्या पार मागे बघून म्हणतो, झाडाखाली बघून म्हणतो. तिथं बहुतेक कुणी नसतं.

पुढे बसलेल्यांना वाटतं ही नवी नक्कल आहे. सगळ्यात मोठा हशा आता त्यालाच येतो. परवा एका गावात तर लोकांनी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. म्हणाले, रामुडू, तेच परत म्हण.

त्यानं परत म्हटलं.